आईच्या नावाने गावात निधी ठेवायचाय, पण कुठे आणि कसा?

आजोळ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी आई राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची एकोणीस एकाच गावात, मग निवृत्तीनंतरही तिथेच राहिली. मागच्या मार्गशीर्षात गेली. तिचे पोस्टातले आणि आम्ही घातलेले मिळून सहा लाख होतायत. ते तिच्या नावाने गावासाठीच वापरायचे इथपर्यंत एकमत आहे. पुढे भावंडं तीन आणि मतं चार. दादा म्हणतो शाळेला कमान बांधू, नाव दिसलं पाहिजे. ताई म्हणते बँकेत ठेव ठेवू, व्याजातून दरवर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस. वहिनी म्हणते आपला स्वतःचा ट्रस्ट काढू. मला यातलं काहीच पटत नाहीये आणि दुसरं सुचतही नाहीये.

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा. उद्घाटनाच्या दिवसाचं नको, दहा-पंधरा वर्षांनी त्याचं काय झालं ते सांगा.

लाल_डबा
आईंना श्रद्धांजली. ताईंशी सहमत. ठेव ठेवा, व्याज वापरा, मुद्दलाला हात लावू नका. सोप्पं काम आहे.

तिरकस
पंखा द्या.

आमच्या गावच्या देवळात सभामंडपाला अकरा पंखे आहेत, प्रत्येक पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांजकडून सप्रेम'. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून देणगीदार मुंबईहून आले की गुरव पंखे बंद करतो. मे महिन्यात. सगळे घाम पुसत नावं वाचतात.

वाळवण
@तिरकस मेले हसून. आमच्या शाळेत भिंतीवरचं घड्याळ होतं, कायम पावणेचार वाजलेले, नाव मात्र सुवाच्य. आम्ही आठवीत होतो तेव्हाही पावणेचार आणि माझा भाचा आठवीत गेला तेव्हाही पावणेचार.

निवृत्त_बाई
लाल_डबा, सोपं नाही हो ते. मी सांगली जिल्ह्यात एका अनुदानित हायस्कूलची मुख्याध्यापिका होते. चार्ज घेतला तेव्हा कपाटात एक लांबडं रजिस्टर मिळालं, वर लिहिलेलं 'पारितोषिक निधी'. मोजले, सत्त्याऐंशी निधी निघाले. सगळ्यात जुना १९६१ चा. कुणी गणितासाठी, कुणी इंग्रजीसाठी, एक तर 'सुवाच्य हस्ताक्षर व शांत स्वभाव' यासाठी, म्हणजे तो मुलगा शोधायचा कसा ते शिक्षक खोलीत दरवर्षी भांडण.

आता हिशोब बघा. १९६८ साली एका गृहस्थांनी वडिलांच्या नावे पाचशे रुपये ठेवले. त्या काळात पाचशे म्हणजे चेष्टा नव्हती. वर्षाला तीसेक रुपये व्याज यायचं, त्यात कंपास पेटी, शाईचं पेन आणि वर एखादा शब्दकोश येई. मी चार्ज घेतला तेव्हाही व्याज तीसच रुपये येत होतं, कारण मुद्दलाला हात लावायचा नाही ना! तीस रुपयांत पेनाचं टोपण येत नाही. स्टेजवर नाव पुकारायचं, पोराने वर यायचं, पाहुण्यांनी रिकामं पाकीट हातात दिल्यासारखं करायचं. मुलांना कळत नाही असं समजू नका, सगळं कळतं.

मी सगळ्या घरांना पत्रं लिहिली की भर घाला नाहीतर निधी एकत्र करायला संमती द्या. पंधरा-वीस जणांनी भर घातली. काहींचा पत्ताच लागला नाही. आणि दोघांनी मला फोनवर झाडलं, आमच्या आजोबांचं नाव पुसताय म्हणून. एक बाई मात्र दरवर्षी स्वतः यायच्या, मिस्टरांच्या नावाचं बक्षीस होतं, पाकिटात शाळेचे अठ्ठावीस रुपये असायचे आणि त्या कार्यक्रमाआधी ऑफिसात येऊन हळूच स्वतःची शंभराची नोट त्यात सरकवायच्या. त्या गेल्यावर्षी वारल्या असं ऐकलं, पाकिटाचं काय झालं असेल माहीत नाही.

लाल_डबा
बाई, माघार घेतो.

पाटपाणी
थोडा विरोध करतो. रक्कम महत्त्वाची नसतेच काही वेळा. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती बघा, मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला. नाना गेले १८६५ ला आणि अजून लोक आजोबांची ओळख 'शंकरशेट स्कॉलर' अशी करून देतात. पैसे किती होते ते कुणी विचारत नाही.

तिरकस
१९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी पटकावली. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेव्हा लाल_डबा, व्याजदराबद्दल तक्रार असेल तर तिकडे.

निवृत्त_बाई
पाटपाणी, मुद्दा बरोबर आहे, पण ती अख्ख्या मुंबई इलाख्याच्या परीक्षेला जोडलेली होती. आमच्या शाळेत वर्गात चाळीस मुलं आणि बक्षिसं सत्त्याऐंशी. मान कमी असतो तेव्हाच त्याला मान म्हणतात.

सीए_शेजारचा
कामात आहे तरी लिहितो, कारण 'स्वतःचा ट्रस्ट' हे वाचून राहवलं नाही. आजोळ ताई, वहिनींना नमस्कार सांगा आणि सहा लाखांसाठी ट्रस्ट काढू नका म्हणावं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी एकदाच होते पण नंतरचं जन्मभर असतं. दरवर्षी ऑडिट, पॅन, रिटर्न, आयकरात १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) ची वेगळी नोंदणी, ती आधी तात्पुरती, तीन वर्षांची, मग पक्की, मग तिचंही नूतनीकरण. एक विश्वस्त वारला किंवा बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. माझ्याकडे असे तीन क्लायंट आहेत ज्यांचं निम्मं व्याज माझ्याच फीमध्ये जातं, आणि मी फी कमीच घेतो हो, कारण तिघेही नात्यातले.

त्यापेक्षा जी नोंदणीकृत संस्था आधीच काम करतेय तिला द्या. देताना दोन गोष्टी. एक म्हणजे पत्रात स्पष्ट लिहा की ही रक्कम कायम निधीसाठी आहे की यंदाच्या खर्चासाठी. हे लिहिलं नाही तर संस्थेला ती वर्षाची मिळकत धरावी लागते आणि मिळकतीतले पंच्याऐंशी टक्के खर्च करायचं बंधन येतं. दुसरं म्हणजे रोख देऊ नका. दोन हजारांच्या वर रोख दिली तर ८०जी ची वजावट नाही. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ८०जी विसराच, तिथे ती वजावट मिळतच नाही. अर्ध्या लोकांना हे मार्चमध्ये पावती घेऊन आल्यावर कळतं.

मिरजकर
सीए साहेब, सगळं मान्य पण आमचा कौटुंबिक ट्रस्ट गेली बावीस वर्षं चालू आहे. सहा चुलत भावंडं, दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला बैठक, चार-पाच मुलांची कॉलेजची फी भरतो. भांडणं होतात पण होऊ देत की, त्या निमित्ताने सहा घरं एकत्र जेवतात तरी.

सीए_शेजारचा
काकांचा चेंज रिपोर्ट टाकला का?

मिरजकर
...टाकतो.

चाकरमानी_७२
आमच्या गावची गोष्ट सांगतो, संगमेश्वर तालुका. आमचे आजे-पणजे गिरणीत आले तेव्हापासून लालबागला गावची खोली होती. एक खोली, पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायची, ट्रंका भिंतीला लावून. खोली कुणा एकाची नव्हे, गावाची. तिथेच मुंबईकर मंडळ सुरू झालं आणि दर घरामागे वर्गणी बसली. गिरणी चालू असताना पगाराच्या दिवशी गोळा करायचे, संपानंतर खूप घरं गावाला परतली तरी ज्याची नोकरी टिकली त्याने दुसऱ्याची भरली अशी उदाहरणं माझ्या वडिलांनी सांगितलेली आहेत. त्या वर्गणीतून शाळेची कौलं आली, विहिरीला पंप आला, स्मशानाची शेड आली, आजारी माणसाला मुंबईत आणून केईएमला दाखवायचं ते पण मंडळानेच.

आता यातली खरी खुबी ऐका. पैसे कमीच असायचे. पण गणपती झाले की देवळात सगळ्यांसमोर हिशोब वाचायचा, चहाच्या पावतीसकट. म्हातारी माणसं मुद्दाम पुढे बसून 'गेल्या साली सुतळीचे सात रुपये लावलेत, यंदा बारा कसे' असं विचारायची. भयंकर राग यायचा आम्हाला खजिनदार असताना. पण त्याच्यामुळेच पैसा टिकला. आजोळ ताई, सहा लाख कुठेही द्या, पण जिथे हिशोब मोठ्याने वाचतात तिथे द्या.

तिरकस
सुतळीचे बारा कसे ते अजून सांगितलं नाहीत.

चाकरमानी_७२
लांब आणली होती 😀

पाटपाणी
संगमेश्वर म्हणालात म्हणून आठवलं, तुमच्याकडे शाळेचं नावच पैसा फंड आहे ना? मूळ पैसा फंड अंताजी दामोदर काळ्यांचा, स्वदेशीच्या काळातला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, टिळकांचा पाठिंबा होता. त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. वर्षाला एक पैसा! आणि लोकांनी चेष्टा केलीच होती.

भटकी_मनी
आणि रयतमधला मुष्टिफंड? जेवण रांधायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते वसतिगृहाला. माझी पणजी काढायची असं आजी सांगते. कर्मवीरांच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा, हे तर सगळ्यांना माहितीच आहे. नाव कुठे लावायचं हा प्रश्न त्यांना पडला नसणार.

शिवणयंत्र
नावाला एवढं हिणवू नका बुवा. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि आईचं नाव लावलं, नाथीबाई दामोदर ठाकरसी. एसएनडीटी. त्यातलं एन म्हणजे कुणाची तरी आई आहे हे तिथे तीन वर्षं शिकून मला पदवीदान समारंभात कळलं, पण कळलं तर खरं. दादांना आईचं नाव दिसावंसं वाटतं त्यात वाईट काय?

तिरकस
काही वाईट नाही, फक्त त्यांनी नावाबरोबर विद्यापीठपण दिलं होतं. दादा नुसती कमान देतायत.

बाळ्या_बे_एरिया
इथे राहून गावाला पैसे द्यायचे म्हणजे वेगळंच महाभारत आहे. शाळेला थेट पाठवले तर संस्थेने परत केले, म्हणे परदेशातून देणगी घ्यायची एफसीआरए नोंदणी नाही. आता मी सरळ भावाच्या खात्यावर पाठवतो आणि तो देतो.

सीए_शेजारचा
बाळ्या, पासपोर्ट कुठला?

बाळ्या_बे_एरिया
दोन वर्षांपूर्वीपर्यंत भारताचा. आता परदेशाचा, भारताचं फक्त ओसीआय कार्ड.

सीए_शेजारचा
मग लक्ष दे. भारतीय पासपोर्टवाला परदेशातल्या कमाईतून बँकेमार्फत देतो तेव्हा ती परकीय देणगी धरत नाहीत, संस्था घेऊ शकते, पासपोर्टची प्रत मागून ठेवते इतकंच. ओसीआय झालास की तू कायद्याने परकीय स्रोत. तुझे पैसे फक्त एफसीआरए नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते आणि तेही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच आत येतात. भावाला घरखर्चाला पाठव, पण संस्थेसाठीचे पैसे भावाच्या खात्यातून वळवू नकोस. उद्या तुला नाही, त्या शाळेला आणि भावाला नोटीस येईल.

बाळ्या_बे_एरिया
गणपतीची वर्गणी पण?!

तिरकस
बाप्पा पण परकीय स्रोतच, कैलासहून येतो.

रोखठोक_नागपूर
सगळ्यांचं वाचलं. एक विचारू का, हे सगळं आपण का करायचं? टॅक्स भरतो, शिक्षण उपकर वेगळा भरतो. शाळेची कौलं, विहीर, पंप हे सरकारचं काम आहे. आपण वर्गणी काढली की सरकार आणखी हात झटकतं.

चाकरमानी_७२
बरोबर आहे तुमचं. पण कौल जूनमध्ये गळतं.

ग्रंथपाल_क_वर्ग
मी तालुक्याच्या गावी वाचनालय सांभाळतो, नावातच वर्ग आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अ ब क ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान. अनुदान येतं, पण येतं तेव्हा येतं. तोवर लाइट बिल कोण भरणार हा दर महिन्याचा प्रश्न. देणगीदार खूप आहेत हो. लोक पुस्तकं देतात, म्हणजे मुलाची जुनी गाइडं आणि वीस वर्षांचे दिवाळी अंक दोरीने बांधून. कपाट देतात. टीव्ही दिलाय एकाने. पण 'अमुक यांच्या स्मरणार्थ मार्च महिन्याचे वीज बिल' असं कुणी देत नाही. झाडणाऱ्या मावशींचा पगार कुणाच्या स्मरणार्थ नसतो. वस्तू द्यायला सगळे पुढे, चालवायला कुणी नाही.

वाळवण
हे अगदी शंभर टक्के. आमच्या सासऱ्यांनी एका संस्थेच्या दवाखान्याला (नाव नको) डायलिसिसचं मशीन द्यायला मोठी रक्कम दिली होती. फोटो, नारळ, पेढे. दोन वर्षांनी गेलो तर मशीनवर चादर, चादरीवर फायली. टेक्निशियन मिळत नाही म्हणे. सासरे काही बोलले नाहीत, फायली उचलून चादर नीट केली आणि बाहेर आले.

कमवा_शिका
थोडं चांगलंही लिहू का? मी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलो. डॉ. अच्युतराव आपट्यांनी १९५५ ला सुरू केलेली, खेड्यातल्या मुलांना राहण्या-जेवणाची सोय, आणि मुलांनी कामही करायचं. तिथे पैसे देणाऱ्यांत आमच्यासारखे जुने विद्यार्थी पुष्कळ. मला नोकरी लागल्यावर पहिली दिवाळी आली तेव्हा कुणी मागितलं नव्हतं, आपोआप चेक लिहिला. आपल्यावर कुणीतरी खर्च केलेला असतो तेव्हा हात लगेच सुटतो. आणि ज्यांना कुठली संस्था निवडावी कळत नाही त्यांनी लोकसत्ताचं 'सर्वकार्येषु सर्वदा' बघा, गणपतीत दहा दिवस रोज एका संस्थेची माहिती येते, लोक चेक पाठवतात.

आजोळ
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. निवृत्त बाईंचं वाचून ताई गप्प झालीये, पंख्यांचं वाचून दादा चिडलाय. एक विचार आला, मुलींच्या एसटी पासचे पैसे भरले तर? आमच्या गावातून हायस्कूलला नऊ किलोमीटर जावं लागतं.

भटकी_मनी
अगं मुलींना पास मोफत आहे, बारावीपर्यंत, अहिल्याबाई होळकर योजना. प्रश्न पासचा नसतो, गाडी न येण्याचा असतो.

निवृत्त_बाई
आजोळ, एक सुचवू? कायम टिकेल असं काही करण्याचा नाद सोड. नुसत्या व्याजावर गेलीस तर सात टक्क्यांनी वर्षाला बेचाळीस हजार, आणि ते बेचाळीस हजार दरवर्षी बारीक होत जाणार. त्यापेक्षा मुद्दलासकट वापर. वर्षाला साठ हजार काढलेस तरी सतरा वर्षं पुरतील. तुम्ही तिघं धडधाकट आहात तोवर तुमच्या डोळ्यांदेखत खर्च होऊन संपू दे. माझ्या रजिस्टरमधले सत्त्याऐंशी निधी पैशाने मेले त्याहून जास्त माणसांवाचून मेले.

लाल_डबा
मुद्दलाला हात?! बाई!!

मिरजकर
लाल_डबाला कुणीतरी पाणी द्या.

ग्रंथपाल_क_वर्ग
शाळा कुठली निवडताय त्याचा पट आधी बघा. वीसच्या आत आला की समायोजनाच्या चर्चा सुरू होतात. शाळाच गेली तर कमान कुणासाठी?

आजोळ
पट चौदा आहे.

आजोळ
आठ दिवसांनी लिहितेय. घर आवरायला गावी गेलो होतो तिघंही. दुसऱ्या दिवशी नाक्यावरचे स्टेशनरीवाले काका आले, हातात लाल वही. म्हणाले, बाईंचं खातं आहे माझ्याकडे, दोन हजार तीनशे चाळीस बाकी. आम्हाला वाटलं आईने काही घेतलं असेल. तर म्हणाले, तुमची आई काही न्यायची नाही, पोरं न्यायची. पुस्तकं शाळेतून फुकट मिळतात, वह्यांचं काय? मधे पुस्तकातच कोरी पानं घातली होती सरकारने, ती नंतर बंदही झाली. ज्याची वही संपली त्याने जायचं आणि 'बाईंच्या खात्यावर' म्हणायचं. वही, कंपास, पट्टी, एकदा कुणाची तरी चप्पल पण आहे, ती त्यांनी शेजारच्या दुकानातून आणून लावलीय. निवृत्तीनंतरही चालूच होतं. आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

काका म्हणाले, बाकीचं राहू दे हो, मी फक्त विचारायला आलोय, खातं बंद करू का? पोरं अजून येतायत.

शिवणयंत्र
...

भटकी_मनी
काय सांगितलंत?

आजोळ
दादा म्हणाला नाही, बंद नाही करायचं. तोच म्हणाला, मी नाही. मग बसून हिशोब केला, आईचं खातं वर्षाला वीस-बावीस हजारांच्या वर कधी गेलेलं नाही. हायस्कूलची मुलं धरली तर तीस होतील. म्हणजे निवृत्त बाईंच्या साठ हजारांतले निम्मे. उरलेल्याचं ग्रंथपाल म्हणतात तसं काहीतरी, तालुक्याच्या वाचनालयाचं लाइट बिल बघतोय. ताई दर गणपतीत वहीतला हिशोब तपासणार, सुतळीसकट. पैसे तिघांच्या नावावर ठेवीतच आहेत, ट्रस्ट नाही.

सीए_शेजारचा
दुकानातल्या उधारीला ८०जी मिळत नाही हे नोंदवून ठेवतो. बाकी उत्तम.

लाल_डबा
आणि कमान?

आजोळ
एस्टिमेट दादाच्या खिशात आहे अजून. विषय काढला नाही मी.

तिरकस
दुकानात पंखा आहे का?

आजोळ
आहे. पात्यावर जागा पण आहे. दादाला सांगू नका.